हात कोणी धरला होता

भोसरी,
ता. २४ एप्रिल १९५४

ती. सौ. इंदुताईस, चिमाजीचा नमस्कार.

तुझं लग्न होऊन तीन वर्षं झाली, आणि एवढ्या दिवसांत मी तुला दोन ओळी लिहिल्या नाहीत. आज लिहितोय तेही कामासाठी. तेव्हा आधी हव्या तेवढ्या शिव्या देऊन घे, मग पुढे वाच, म्हणजे कोणाकडून तरी वाचून घे. जोतीराम तुझ्याकडे मनमाडला आला आहे का?

जत्रा होऊन अकरा दिवस झाले. जत्रेच्या दुसऱ्या दिवसापासून तो दिसलेला नाही. तुझे काका म्हणतात, "गेला आसंल कुटंतरी. पोटाला लागलं म्हंजी यील." त्यांना वैरण कापायला माणूस कमी पडतो एवढंच दुःख आहे. पेटी घरातच आहे. त्यात त्याचे दोन सदरे, तुझ्या लग्नातला फेटा आणि सातवीचा दाखला आहे. लंगोट मात्र तालमीत दोरीवर वाळत होता, तो मी काढून ठेवला.

जत्रेत काय झालं ते तुझ्या कानावर आलंच असेल. शेवटची कुस्ती वस्तादांनी जोतीला दिली होती, चाकणच्या अर्जुनबरोबर. मी त्याच्याहून चार महिन्यांनी मोठा, माझ्या बैठका जास्त, पण कुस्ती त्याला दिली. असो. जोतीने अर्जुनला खाली घेऊन हप्ता भरला. तुला डावपेच कळत नाहीत म्हणून सांगतो, खाली पडलेल्याच्या बगलेतून हात काढून त्याचा दंड मानेकडे चढवायचा. मग तो पाठीवर तरी वळतो, नाहीतर खांदा तरी जातो. अर्जुन वळेना. सगळा फड उभा राहिला होता, हलगी घुमत होती, आणि जोतीने हात सोडला. आपण होऊन सोडला. अर्जुनने तसंच उलटून त्याला चीत केलं. दहा हजार माणसांसमोर भोसरीची पाठ लागली.

लोक चिडणारच. दुसऱ्या दिवशी दुपारी तालमीत चार शब्द झाले. जास्त काही नाही. त्यानंतर तो कोणाला दिसला नाही. दौलतरावांच्या डोळ्याला तेव्हापासून पट्टी आहे, ते वेगळं.

मी शोधतो आहे. दौलतरावांनी त्यांची सायकल दिली आहे. "तुजा जिवाचा दोस्त हाय, तूच हुडक," म्हणाले. पोलीस पाटलांचा पुतण्या सायकल देतो ही काय लहान गोष्ट आहे का? वऱ्हाड निघताना तू माझा कान पिळून म्हणाली होतीस, "चिम्या, माजा भाऊ तुज्या पदरात टाकते." तो कान अजून दुखतो असं समज. उलट टपाली कळव.

तुझा,
चिमाजी


भोसरी,
ता. १९ मे १९५४

ती. सौ. इंदुताईस, नमस्कार.

तुझं कार्ड आलं. "जोती इथे नाही. खरं काय झालं ते लिही." एवढंच? आणि हे अक्षर कोणाचं? तू तर शाळेत गेली नाहीस. शेजारच्या पोराकडून लिहून घेतलं असशील, तर त्याला म्हणावं, कोंबडीने शाईत पाय बुडवून कार्डावर नाचावं तसं दिसतंय. आमच्या मास्तरांनी पाहिलं असतं तर छडीने हात लाल केला असता.

खरं लिही म्हणतेस तर लिहितो. चार शब्द नव्हते. मारलं त्याला.

जत्रेच्या दुसऱ्या दिवशी दुपारी दौलतरावांनी त्याला बोलावून घेतलं. आत पाच-सहा जण होते. कोंडाजी वस्तादांनी बाहेरून कडी लावली आणि पायरीवर बसून राहिले. कुस्ती विकणाऱ्याला तालमीत शिक्षा करायची हे जुनं चालत आलेलं आहे, वस्ताद आड येत नाहीत. मी बाहेर होतो, वस्तादांपाशी. आतून आवाज येत होते. आधी कासऱ्याचे, मग लाथांचे. पहिल्यांदा जोती ओरडत होता, "म्या न्हाई इकली, वस्ताद, आईशप्पत न्हाई." वस्ताद विडी ओढत होते. ते उठले नाहीत. मग जोतीचं ओरडणं थांबलं, नुसती माती घासल्याचा आवाज येत राहिला. दिवेलागणीला कडी काढली. सगळे बाहेर आले. जोती कुस्तीच्या मातीत, हौद्यातच पडला होता. मी पाणी आणायला विहिरीवर गेलो, परत आलो तर तो नव्हता. मागच्या खिडकीपर्यंत मातीत फरफटत गेल्याची खूण होती.

मी घरी बसलेलो नाही. मोशीच्या डोहात एक प्रेत वर आलं असं कळलं, तेव्हा सायकल घेऊन सुटलो. फुगून पखाल झालेलं, तोंड माशांनी खाल्लेलं. काठावरची माणसं नाकाला धोतर लावून उभी होती. मी पाण्यात उतरलो, त्याला बाहेर ओढलं आणि जिथे बघायचं तिथे बघितलं. तो जोती नव्हता. मग मी काठावर बसून हसायला लागलो, तेव्हा एका म्हाताऱ्याने मला वेडा समजून काठी मारली.

चाकणलाही गेलो. कांद्याच्या बाजारामागे अर्जुनचं घर आहे. मी भोसरीचा हे कळल्याबरोबर तिघांनी मला अंगणातच आडवा केला. एकाने माझ्या बरगडीत टाच घातली, दुसऱ्याने तोंड शेणात दाबून धरलं. मीही एकाचं नाक फोडलं, अगदीच फुकट मार खाल्ला नाही. अर्जुनची आई मंजुळाबाई बाहेर आली नसती तर आज हे पत्र तुला मिळालं नसतं. अर्जुनचा हात गळ्यात बांधलेला होता. ती म्हणाली, "त्या पोरानं सोडला म्हून माज्या लेकाचा हात ऱ्हायला. तुमच्या गावानं त्याचं काय क्येलं?" तिने तांब्या पुढे केला आणि मी तिच्या हातचं पाणी प्यायलो.

जोती तिकडेही गेलेला नाही. तू रडू नकोस. मी त्याला आणतोच.

तुझा,
चिमाजी


भोसरी,
ता. २ जुलै १९५४

ती. सौ. इंदुताईस, नमस्कार.

तुझं दुसरं कार्ड मिळालं. तू दोन प्रश्न विचारलेस, आणि दोन्ही असे की माणसाला रात्रभर कुशी बदलायला लावतील.

पहिला, कुस्ती विकली असं लोकांनी कशावरून ठरवलं? नुसता हात सोडला म्हणून नाही. पैलवान चुकतो, दमतो, हे गावाला कळतं. ज्याच्याशी कुस्ती ठरली त्याच्या घरचं पाणीसुद्धा प्यायचं नाही, हा आमच्या तालमीचा नियम. पाण्यात काही घालतील ही भीती तर असतेच, पण ज्याचं मीठ खाल्लं त्याच्यावर हात उठत नाही, हे त्यातलं खरं कारण. आणि जत्रेच्या आठ दिवस आधी जोती अर्जुनच्या घरी जेवला होता.

मी पाहिलं होतं. आम्ही दोघं बैल घेऊन चाकणच्या बाजाराला गेलो होतो. मंजुळाबाई तुमच्या आईच्या माहेरची. तिने जोतीला रस्त्यात ओळखलं, तोंडावरून हात फिरवला, म्हणाली, "सुभद्रीचा न्हवं का तू? अगदी तिचंच डोळं." आईचं नाव घेतल्यावर तो काय करणार होता? गेला तिच्या मागे. चुलीपुढे बसून भाकरी आणि कांद्याची पात खाल्ली. मी दारात उभा राहिलो, आत गेलो नाही. मला नियम पाळायचा होता. परत येताना मोशी आल्यावर तो म्हणाला, "चिम्या, आई आसती तर अशीच वाढली आसती."

हे दौलतरावांना मी सांगितलं. जत्रेच्या रात्री, सगळे संतापलेले असताना. मला कोणी विचारलं नव्हतं. मला तुझ्या भावाचा हेवा वाटत होता, ताई. शेवटची कुस्ती माझी होती असं मला वाटत होतं, आणि ती त्याने मातीत घातली. म्हणून मी बोललो. बोलल्यावर पोटात गार पडलं, इतकं बरं वाटलं. हे लिहायला मला दोन महिने लागले.

दुसरा प्रश्न, त्याचा उजवा हात कोणी धरला होता? तालमीतल्या सोनबाने. मी आत नव्हतो, पण तसं ऐकलं. दौलतराव म्हणाले होते, "ज्या हातानं सोडलं त्यो हात र्‍हाता कामा नये." जोतीचं तोंड ओल्या पंच्याने डोळ्यांसकट बांधलं होतं, त्याला काही दिसत नव्हतं. हात हौद्याच्या दगडी काठावर आडवा धरला आणि वरून तालमीतला जड लाकडी मुद्गल टाकला. दोनदा. पहिल्याने भागलं नाही. तेवढ्यात जोतीने डाव्या हाताने चाचपत समोरच्या डोळ्यात अंगठा खुपसला. तो डोळा दौलतरावांचा होता. त्यांचा डावा डोळा गेला तो असा. पुण्याच्या डॉक्टरने काढूनच टाकला.

आता चांगली बातमी. जोती जिवंत आहे. पिंपरीला औषधाच्या कारखान्याचं बांधकाम चालू आहे, तिथे खडी फोडणाऱ्या बायांनी सांगितलं की एक पोरगा रक्ताने भरलेला निर्वासितांच्या छावणीकडे जाताना दिसला होता. छावणीत एक म्हातारा सिंधी कंपाउंडर आहे. तो म्हणाला, "आला होता. हाड बसवताना लाकूड तोंडात दिलं, तर लाकडाला दात उमटले, पण आवाज नाही केला त्याने. चार दिवस ठेवला. मग स्टेशनचा रस्ता विचारून गेला." चिंचवड स्टेशन, ताई. तो गाडीने कुठेतरी गेला.

मी सायकल दामटत गावात आलो आणि पहिल्यांदा दौलतरावांनाच सांगितलं. त्यांनी मला मिठी मारली. तेव्हा मला आनंद झाला. आता हे लिहिताना मात्र तो आनंद वाटत नाही. तो तुझ्याकडे आला तर त्याला तिथेच ठेव, इकडे पाठवू नकोस.

तुझा,
चिमाजी


पिंपरी छावणी,
ता. ८ ऑगस्ट १९५४

जोती,

आता ताईच्या नावाने लिहायचं कारण राहिलं नाही. माझी सगळी पत्रं तूच वाचलीस. मी पत्रावर पत्र लिहीत होतो, गावोगाव प्रेतं उलटी करून पाहत होतो, आणि तू मनमाडला बहिणीच्या ओट्यावर बसून डाव्या हाताने अक्षरं गिरवत होतास.

हे मला आधी कळलं नाही. दौलतरावांना कळलं. माझी अक्कल तुला माहीत आहेच.

नागपंचमीच्या आदल्या दिवशी आम्ही हौदा उकरत होतो. दरवर्षीसारखी नवी माती, ताक, तेल, हळद, लिंबं सगळं आणून ठेवलं होतं. कुदळीखाली मला एक दात सापडला. पुढचा, मुळासकट. मी तो लंगोटाच्या गाठीत बांधला. दौलतराव काठावर बसून होते. तेवढ्यात शाळेतून गावचं टपाल घेऊन मास्तर आले आणि त्यांनी मला आलेलं मनमाडचं कार्ड दौलतरावांच्या हातात दिलं. त्यांची काय चूक? कार्ड सगळं गावच वाचतं. दौलतरावांनी एका डोळ्याने मोठ्याने वाचलं, "उजवा हात सोनबाने धरला हे तू डोळ्यांनी पाहिलंस का?"

सोनबाने कुदळ टाकली. दौलतराव माझ्याकडे बघून म्हणाले, "हिला उजवा हात कुनी सांगितला?"

मी म्हणालो, "म्या कळवलं."

"आदी तू कळवलंस का आदी तिनं इचारलं?"

मी मनात सगळी पत्रं पुन्हा वाचली. मे महिन्यातल्या पत्रात कासरा लिहिला होता, लाथा लिहिल्या होत्या. हात लिहिला नव्हता. जाणून लिहिला नव्हता, मोशीच्या प्रेताचा उजवा हात तपासला तेसुद्धा नुसतं "जिथे बघायचं तिथे" एवढंच लिहिलं होतं. ताईने तो कार्डात आधी विचारला होता. माझ्या तोंडाकडे बघून दौलतरावांना उत्तर मिळालं. ते कार्ड उलटंपालटं करत हसले. "डाव्या हातानं लिवतंय बेणं," म्हणाले. "मनमाड. सोमवारच्या गाडीनं जाऊ. सोनबा, कुऱ्हाडीला दांडा घालून ठेव."

मी ताक आणि हळद मातीत कालवत राहिलो. जोती, माझे हात कोपरापर्यंत पिवळे झाले होते आणि मला थंडी वाजत होती.

नागपंचमीला नव्या मातीत पहिली जोड लागते. त्या दिवशी धाकट्याने थोरल्याला हात मागितला तर थोरल्याने नाही म्हणायचं नसतं, हे तुला सांगायला नको. तू आणि मी दरवर्षी मागायचो आणि दरवर्षी माती खायचो. सगळे जमले, वस्तादांनी मातीची पूजा केली, रिवाजाप्रमाणे बाहेर जाऊन कडी लावली. मी लंगोट बांधून हौद्यात उतरलो आणि दौलतरावांपुढे हात केला.

ते हसले. सगळेच हसले. पण नाही म्हणता येत नव्हतं.

पहिल्याच झोंबीत त्यांनी माझं डोकं काठावर आपटलं. कानातून गरम काहीतरी वाहायला लागलं. दुसऱ्यांदा पोटात गुडघा घातला, मी ओकलो, पुन्हा उठलो. तिसऱ्यांदा गळा धरला. ते कुस्ती खेळतच नव्हते. माझ्या डोळ्यांपुढे अंधारी यायला लागली, तेव्हा मला तुझा अंगठा आठवला. दौलतरावांना डावीकडचं दिसत नाही. मी डावीकडे सटकलो, मागे गेलो, पट काढून त्यांना खाली घेतलं आणि पाठीवर बसून हप्ता भरला. उजव्या हाताला.

मी दंड चढवत गेलो. ते वळेनात, थोरल्याने धाकट्यासमोर पाठ कशी लावायची? शेवटी म्हणाले, "सोड." हळूच म्हणाले, मलाच ऐकू यावं म्हणून. "सोड, चिम्या." मी सोडला नाही. आधी खांदा गेला. त्याचा आवाज माझ्या छातीत ऐकू आला. मग त्यांचं कोपर काठाच्या दगडावर घेतलं आणि अंगाचा सगळा भार टाकला. पहिल्याने भागलं नाही. दुसऱ्यांदा टाकला.

तू अर्जुनचा हात का सोडलास, हे मला तेव्हा कळलं. तोच आवाज तुलाही आला असणार, करकरायला लागतं तेव्हाचा. तू तिथे थांबलास. मी थांबलो नाही. सोमवारची गाडी चुकावी म्हणून मी हे केलं असं मला म्हणायचं आहे, पण दुसऱ्यांदा भार टाकला तेव्हा माझ्या मनात तू नव्हतास. मला नुसतं मोडायचं होतं. हेही तुला सांगितलं पाहिजे.

मग सोनबा काठी घेऊन धावला. दोन डोक्यात बसल्या. दार बंद होतं. मी दारावर धडका मारत होतो आणि मागून मार पडत होता. एप्रिलमध्ये हेच दार बंद होतं, हे माझ्या मनात आलं. आणि कडी निघाली. कोंडाजी वस्ताद पायरीवर उभे होते. रडत होते म्हातारे. "पळ," म्हणाले, "योकदा चुकलो म्या." आणि मला बाहेर ढकलून त्यांनी आतल्यांवर कडी लावली.

मी पिंपरीपर्यंत पळत आलो. तुझ्या कंपाउंडरने डोक्याला नऊ टाके घातले. लाकूड त्याने तेच दिलं, तुझे दात उमटलेलं. पोलीस पाटलांची माणसं स्टेशनवर मला शोधत आहेत असं कळलं. दौलतरावांचा हात आता काही कुऱ्हाड धरायचा नाही, पण सोनबाचे दोन्ही शाबूत आहेत आणि पत्ता त्याने ऐकला आहे. तुम्ही सगळे मनमाड सोडा. ताईच्या नवऱ्याला बदली मागायला सांग, किंवा त्याच्या गावी जा. मला पत्ता कळवायचा नसेल तर कळवू नकोस.

आता शेवटचं.

हात कोणी धरला हे तू दोनदा विचारलंस. पहिल्यांदा मी सोनबाचं नाव सांगितलं, तरी तू दुसऱ्यांदा विचारलंस, डोळ्यांनी पाहिलंस का म्हणून. आठ वर्षं रोज पहाटे ज्या हाताशी हात लावलास, तो हात तुला ओळखू आला नसेल, असं होणारच नाही. तोंडाला पंचा असला तरी मनगटाला कळतं. तुला उत्तर माहीत होतं. ते मी सांगतो का, एवढंच तुला बघायचं होतं.

सोनबाने पाय धरले होते. मी बाहेर पायरीवर नव्हतो. दौलतराव म्हणाले, "तुज्या दोस्ताचा हात तूच धर, म्हंजी गावाला कळंल तू कुनाचा हायस." मी धरला. दोन्ही हातांनी, काठावर दाबून. पहिला मुद्गल पडला तेव्हा तुझी बोटं माझ्या मनगटाभोवती मिटली. तू सोडवून घेत नव्हतास, धरून ठेवत होतास. तरी मी धरून राहिलो, दुसरा पडेपर्यंत.

तुझा दात माझ्याजवळ आहे. वरच्या पत्त्यावर, कंपाउंडरच्या नावाने, एक कार्ड टाक. ये म्हणालास तर मी येईन, तोंड दाखवू नकोस म्हणालास तर तेही ऐकेन. कार्ड आलं नाही तरी पोळ्यापर्यंत मी इथे वाट बघेन. कसंही लिही, जोती. मी पुन्हा तुझ्या अक्षराला नावं ठेवणार नाही.

चिमा